चुरी मॅडम आणि कोपऱ्यातलं कासव

चुरी मॅडमना कुणी "कशा आहात?" विचारलं, की त्या आधी मागे वळून बघतात. प्रश्न आपल्यालाच आहे याची खात्री पटली, की विचारणाऱ्याला आपादमस्तक न्याहाळतात आणि म्हणतात, "का? कुणी काही बोललं का?"

मी त्यांच्या हाताखाली काम करतो. डहाणूच्या किनाऱ्याजवळ आमचं छोटंसं केंद्र आहे. जाळ्यात गुरफटलेली, बोटीचा पंखा लागलेली समुद्री कासवं आमच्याकडे आणतात. त्यांच्यावर उपचार करायचे, निरीक्षण करायचं, बरी झाली की समुद्रात सोडायची. डॉक्टर सुलभा चुरी तिथल्या पशुवैद्य. आणि मी, सावे, बाकी सगळं. म्हणजे पाण्याचे पंप, पिकअप गाडी, आलेगेले पाहुणे आणि मॅडमचे संशय.

त्यांचा दिवस सुरू होतो मासळीपासून. लक्ष्मीताई टोपली घेऊन येतात. मॅडम बांगड्याचा कल्ला उचलून बघतात, डोळा दाबून बघतात, मग मला म्हणतात, "सावे, वास घ्या."

"आत्ता बोटीतून उतरवलाय, बाय," लक्ष्मीताई सांगतात.

"कशावरून?"

"आता त्या मेलेल्याला साक्षीला उभा करू काय मी?"

"कशावरून?" हा मॅडमचा शब्द. मी एकदा म्हटलं, "मॅडम, आज माझा वाढदिवस." तोंडातून गेलंच, "कशावरून?" मग ओशाळल्या, आणि संध्याकाळी चिकूचा हलवा आणून दिला. तोही आधी स्वतः चाखून.

पेशंटवरही त्यांचा विश्वास नाही. एखादं कासव जेवेनासं झालं, की रक्त तपासतात, एक्स-रे काढतात आणि काही सापडलं नाही तर म्हणतात, "नाटकं करतंय." मग खांबाआड जाऊन उभ्या राहतात. पाच-दहा मिनिटांनी कासवाने समोर टाकलेलं माकूळ मटकावलं, की खांबाआडून विजयी आवाज येतो, "बघितलंत?" शाळेच्या सहली येतात तेव्हा मुलांचे खिसे सोडून शिक्षकांचे तपासतात. मागे एका गुरुजींकडून शेंगदाण्याची पुडी जप्त केली होती. ती त्यांना जाताना सहीसलामत परत मिळाली.

मॅडम एकट्याच राहतात, चिकूच्या वाडीतल्या घरात. दारावरची बेल त्यांनी काढून टाकली आहे. "कुणीही वाजवतं," म्हणाल्या. कोण वाजवतं, ते मी विचारलं नाही.

कोपऱ्यातल्या टाकीत ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी होती. जाळ्यात फार वेळ अडकून तिच्या फुप्फुसाला इजा झाली होती. जखमा भरल्या, भूकही परतली, पण तिला बुडी मारता येईना. एका अंगाला कलंडून पाण्यावर तरंगत राहायची. अशा कासवाला समुद्रात सोडणं म्हणजे बोटीखाली देणंच. आमच्या टाक्या उपचारापुरत्या. उभा जन्म काढण्याजोग्या नव्हेत.

मॅडम टाकीशी आल्या, की ती वाकडीतिकडी पोहत त्यांच्या बाजूच्या कडेला यायची. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

"ओळखते तुम्हाला," मी म्हणायचो.

"कशावरून?" मॅडम म्हणायच्या, पण त्या दिवशी लक्ष्मीताईंच्या बांगड्याला त्या मानाने लवकर सुटका मिळायची.

अशात गुजरातमधल्या एका मोठ्या मत्स्यालयाने तिला कायमचं सांभाळायची तयारी दाखवली. सरकारी परवानग्याही मिळत होत्या. मॅडमची शिफारस तेवढी हवी होती. तिथल्या तरुण संशोधक ध्वनीबेन आम्हाला भेटायला आल्या. मोठं तळं, सावली, आणखी दोन अधू कासवं, सगळे फोटो दाखवले. मॅडमनी फोटो मोठे करकरून बघितले.

"ही सावली रोज असते, की फोटोपुरती?"

"रोज असते, मॅडम."

"लोक काचेवर टकटक करतात, त्याचं काय?"

"गार्ड ठेवलाय ने."

"आणि गार्ड मोबाईलमध्ये बघत बसला तर?"

ध्वनीबेनना घाम फुटला. त्या गेल्या आणि मॅडमनी दोन दिवसांची रजा टाकली. कुठे गेल्या ते परत आल्यावर कळलं. तिकीट काढून, साध्या प्रेक्षकासारख्या त्या मत्स्यालयात शिरल्या आणि सरळ काचेवर टकटक करू लागल्या.

"मग?" मी विचारलं.

"असला ओरडला हो गार्ड! 'मासी, उंमर जुओ तमारी!' म्हणाला. वय काढलं माझं!" इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मी दुसऱ्या बाजूने जाऊन परत वाजवली. तर बाहेरच काढलं मला!"

आता नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं. तरी शिफारस जाईना. ध्वनीबेनचे फोन येत होते, मॅडम उद्यावर ढकलत होत्या. आणि मग एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "सावे, मला एका माणसाचा संशय येतोय."

"कुणाचा?"

"माझा. तिला इथे ठेवायचं ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? ती खरंच मला ओळखत असेल, तर हलवताना विचार करायला हवा. तपासून बघू."

तपासणी मॅडमच्या पद्धतीची. खाण्याच्या वेळेखेरीज, हातात काही न घेता, एकेकाने टाकीशी जाऊन उभं राहायचं. आज मॅडम, उद्या मी, परवा लक्ष्मीताई. कधी मी मॅडमचा पांढरा कोट घालून, कधी त्या माझी टोपी घालून. बाकीच्यांनी आत बसून कॅमेऱ्यात बघायचं. कोट मला खांद्यात एवढा घट्ट, की लक्ष्मीताई हसून हसून बेजार झाल्या. मॅडम हसल्या नाहीत. चांगले काही आठवडे हे चाललं.

कासव मॅडमकडे आलं. माझ्याकडेही तसंच आलं. आणि लक्ष्मीताईंकडे तर झेपावत आलं. त्यांच्या पदराला मासळीचा वास होता.

शेवटच्या दिवशी मॅडमनी कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा एकदा पाहिलं. "ओळखबिळख काही नाही," म्हणाल्या. "कडेला माणूस आलं, की खायला मिळतं. एवढंच." त्यांचा चहा तसाच गार झाला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मॅडम, तिचा लळा मोजता थोडाच येतो?"

"माझ्या बाजूने बोलू नका, सावे," त्या म्हणाल्या. आणि शिफारस पाठवून दिली.

मत्स्यालयाची थंड हवेची गाडी गुजरातच्या सीमेवर अच्छाडपर्यंत येणार होती. आम्ही पिकअपमध्ये जाड स्पंज अंथरला, तिच्या पाठीवर ओलं तरट टाकलं आणि तलासरीमार्गे निघालो. अच्छाडला ट्रकांच्या रांगेच्या आडोशाला ती गाडी उभी होती. मॅडमनी आतली हवा हात घालून पाहिली. ड्रायव्हरला झोप किती झाली ते विचारलं, आणि त्याचे डोळे बांगड्याचे बघतात तसे बघितले. मग ड्रायव्हर, त्याचा मदतनीस आणि आम्ही दोघांनी मिळून तिला उचलून आत ठेवलं. दार लागलं. गाडी ट्रकांत मिसळून दिसेनाशी झाली, तरी मॅडम तिकडेच बघत होत्या.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल," मी म्हटलं. "तिने ओळखलं असतं तर बरं झालं असतं."

"छे! तेच बरं झालं." त्यांनी नाक पुसलं. "कुणीही आलं तरी ती कडेला जाते. म्हणजे तिकडे तिला परकं वाटणार नाही. ओळख धरून बसणाऱ्यांचे हाल होतात, सावे."

मी पुढचं दार उघडलं. त्या म्हणाल्या, "मी मागे बसते. पुढे ऊन लागतं."

ऊन मागेच होतं. मी पुढचं दार लावून घेतलं. आरशात बघितलं तेव्हा त्या स्पंजाशेजारी बसून ओल्या तरटाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या आणि पुन्हा घालत होत्या. मी खड्डे चुकवत, मागच्या गाड्यांचे हॉर्न खात, ती रिकामी पिकअप अगदी हळू हळू डहाणूला आणली.