साळोबाने पगार मोजला

सूनबाई म्हणते, "मामंजी, पोरांना काहीतरी शिकवण देणारं सांगा." शिकवण माझ्याकडं असती तर मी चौथीत शाळा सोडली असती का? पण तिने चहा अडवून ठेवलाय. तेव्हा ऐका, आणि नाकातली बोटं काढा.

एका जंगलात पगार शेंगांत मिळायचा. महिन्याला शंभर. त्यातल्या दहा सिंहाचा कर म्हणून मुंगूस कारकून आधीच कापून घ्यायचा.

तिथं साळोबा नावाचा साळिंदर बिळं खणायच्या कामावर होता. त्याला मात्र पुऱ्या शंभर मिळायच्या. वर्षभर मिळाल्या. त्यातल्या दहा तो दर महिन्याला ढोलीत बाजूला ठेवायचा.

बायको म्हणाली, "अहो, थंडी आली. पोरांचे काटेसुद्धा वाळलेत. द्या की त्यातल्या."

"आपल्या नाहीत त्या. विचारून येतो."

शेजारचा रानडुक्कर चिखलातूनच म्हणाला, "माझ्याही कापत नाहीत. मी विचारलं का कुणाला? बस गप."

साळोबा बसतोय होय. गेला.

मुंगसाने कागद काढला. "तुम्ही राहता ओढ्यापलीकडं. ते वाघाचं जंगल. कर तिकडं भरायचा. म्हणून इथं कापला नाही."

साळोबा ओढा पोहून पलीकडं गेला. वाघाचा कारकून कासव. तो म्हणाला, "कमावता सिंहाकडं. कापायचा तिकडंच."

परत मुंगूस. परत कासव. सात फेऱ्या झाल्या. ओल्या थंडीनं साळोबाचे काटे खडखड वाजायला लागले. माकडांना त्यात ताल सापडला. सगळा ओढाकाठ नाचायला लागला.

शेवटी दोन्ही कारकून ओढ्यातल्या खडकावर भेटले. त्यांचं चटकन जमलं. राहतो म्हणून वाघाने दहा कापायच्या, कमावतो म्हणून सिंहाने दहा. गेल्या वर्षाच्याही. शिवाय दुसऱ्याच्या शेंगा घरात ठेवल्याचा दंड.

ढोली झाडून नेली. मग प्रामाणिकपणाबद्दल साळोबाला रानफुलांचा हार घातला. हाराच्या चार शेंगा पगारातून कापल्या.

पोरांनी थंडीत हार खाल्ला.

रानडुकराची पोरं इतकी गुबगुबीत झाली की उतारावर चालत नाहीत, घरंगळतात.

तात्पर्य: पगार पुरा आला तर मोजू नये. मोजलाच तर विचारू नये. विचारलंच, तर कारकुनाच्या हातात हार दिसताच पळत सुटावं.

मीही एकदा कारखान्यात असाच विचारायला गेलो होतो. हार नाही मिळाला. पगार वाटणारा चारचौघांत मला चोर म्हणाला. त्याची माफी अजून यायची आहे. पोरांनो, त्याचं नाव लिहून घ्या: ज्ञानोबा खिलारे.