रजेवरची मोजणी

अश्वजित तालुक्याचा भूमापक होता. बारा वर्षं लोकांच्या जमिनी मोजणाऱ्या माणसानं डोंगरात वाट चुकावी, याचं त्याच्या बायकोला, विशाखाला, फार हसू येई. माहूरकडच्या दोन दिवसांच्या डोंगरशर्यतीत तो सलग दोनदा चुकला होता. तंबू, तांदूळ, पाणी सगळं आपल्याच पाठीवर. नकाशा आणि होकायंत्र बघून पळायचं, झेंडे शोधायचे आणि झेंड्याला टांगलेल्या पंचानं कार्डाला भोक पाडायचं. एक भोक राहिलं की बाद. यंदा बाद होऊन विशाखासमोर जाण्यापेक्षा डोंगरातच मुक्काम टाकायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

दुसऱ्या दुपारी शेवटचा झेंडा उरला. नकाशातला ओढा सापडला, पळस सापडला. झेंडा मात्र नव्हता.

"भाऊ, यंदा बी चुकून राहिला का तू?" जोडीदार फरहान धापा टाकत म्हणाला.

"मी न्हाई, झेंडा चुकला!"

खाली आपल्या शेताच्या बांधावर शेषेराव नावाचे शेतकरी झेंडा मांडीखाली घेऊन बसले होते. ऑफिसात खेटे घालून साहेबांचा चेहरा त्यांना पाठ झाला होता.

"आले का साहेब! शेजारच्या सिद्धरामनं माजी जमीन दाबली म्हून मोजणीचा अर्ज दिला, त्याला चार वर्सं झाली. काल तुमच्या माणसानं झेंडा भलतीकडंच रोवला, म्हून म्या हितं आणला."

"मामा, मी रजेवर हाय!"

"मंग तर लई निवांत येळ हाय."

"आमाला फकस्त पंच पाहिजे हो," फरहान काकुळतीला आला.

"पंच कशाला हुडकता? तुमीच ऱ्हावा की पंच!"

शेषेरावांनी बंडीतून गटनकाशा काढला. इलाज नव्हता. तंबूची दोरी सोडून तिचं टोक फरहानच्या हातात दिलं. शर्यतीत पळाला नव्हता एवढा तो शेतात पळाला. जुन्या हद्दीच्या दगडापासून माप आलं आणि अश्वजितनं घाम पुसला.

"मामा, सिद्धरामनं तुमची जमीन न्हाई घेतली. तुमचाच बांध आठ फूट त्याच्यात गेलाय."

शेषेराव ताडकन उठले. "मंग झेंडा होता तिथंच बरा होता!"

आणि झेंडा खांद्यावर टाकून ते चपलांनिशी चढावर पळत सुटले. मागे दोन धावपटू. मामा काही त्यांच्या हाती लागले नाहीत. पळसाखाली एकदाचं भोक पडलं, आणि वेळ संपायला तीन मिनिटं असताना दोघं पोचले. सगळ्यात शेवटी, पण बाद नाही! नोकरी लागली तेव्हाही अश्वजितला एवढा आनंद झाला नव्हता.

सोमवारी त्याच्या टेबलापुढे सिद्धराम उभा होता. आठ फुटांची बातमी त्याला लागली होती.

"अर्ज आणला का?" अश्वजितनं विचारलं.

"अर्जाचं ऱ्हाऊ द्या साहेब. पुढची रजा कधी हाय, तेवढं सांगा."