एक्केचाळिसावी नळी

खोटं छापलं ते राजधानीतल्या संस्थेनं, मंडळी! भिकननं केला तो नुसता भावकीचा धर्म.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात राजधानीतल्या त्या मोठ्या संस्थेचे साहेब जीप घेऊन शिंदखेड्याजवळच्या गावात उतरले. एका कुळाच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या काय उतरतं, ते शोधायचं होतं. वीस बाप्ये, वीस बाया, माणशी एक नळी. मतदारयादीवरून नावं चिकटवलेल्या नळ्या आणि बर्फाची पेटी साहेबांनी दवाखान्यातल्या झुलालच्या हवाली केली. "कुणी आजारी असेल तर त्याचीही घे. महिन्यात रिपोर्ट पाठवू," असं म्हणून ते सरपंचाकडे आमरसाला गेले.

नेमकी त्या कुळाची सारी भावकी धरणगावला लग्नाला गेलेली. मागे उरला एकटा भिकन, कारण त्याच्या सात वर्षांच्या लेकीचे, भागीचे सांधे ठणकत होते.

"भिकन, मनी नोकरी गई रे!" झुलालनं कपाळ धरलं.

"कसाले घाबरस, झुलालभाऊ? कोनी मयत झाली तं बठ्ठी भावकीनी तरफतून दारवर भेटाले मीच जास ना? मंग रगत बी मीच देस!"

"आरे, चाळीस नळ्या शेतस!"

"कूळ एक, रगत एक. काकीस्ना हातले सुई टोचाले मी काय मरी गऊ? पन मनी भागीनी नळी येगळी भर. तिना कागद येवाले पाहिजे."

विसाव्या नळीला भिकनला घेरी आली. गूळ-शेंगदाणे चावून तो पुन्हा बसला. चाळीस त्याच्या, एक भागीची. सांजेला साहेब आले, नळ्या मोजल्या, वर सरपंचानं दिलेला आमरसाचा डबाही त्याच बर्फात खुपसला आणि निघाले. वाटेत डबा सांडू नये म्हणून पेटी मांडीवर घेतली म्हणे. रक्ताची एवढी काळजी कुणी घेतली नसेल!

संस्थेत चाळीसही नळ्या तंतोतंत सारख्या निघाल्या. शेंबड्या पोरालाही शंका आली असती. साहेबांना बढती दिसली. 'भेसळ न झालेलं जगातलं एकमेव कूळ' असा लेख छापून आला. वीस बायांच्या रक्तात पुरुषाची खूण सापडली, त्यावर दुसरा लेख. मग शाल, नारळ, परदेशवारी.

वर्षानं साहेब त्या कुळाचा सत्कार करायला गावात आले. मांडव पडला, हार आले. भिकन भागीला पाठुंगळी घेऊन आला. आता तिला चालवत नव्हतं.

"साहेब, मनी पोरना कागद?"

साहेबांनी वही चाळली. "एक्केचाळीस ना? ती नळी खराब निघाली, बाबा. बाकीच्यांशी जुळेचना. फेकून दिली."

"साहेब, त्या बाकीन्या चाळीस मन्याच व्हत्यात."

साहेबांच्या हातातला हार तसाच लोंबकळला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "हळू बोल. छापून झालंय."

"छापा ना, आखो छापा! पन एकच नळी दुसरीनी व्हती, मनी भागीनी, आन तीच फेकी दिधी? आते मनी पोरले काय शे, ते कोन सांगी? बोला, साहेब!"