भोकांचा चमचा

आमच्या राणेकाकांना चहाला बोलावायचं तर जरा बेतानंच बोलवावं. शर्टाच्या खिशातून ते भोकं पाडलेला एक चमचा काढतात आणि आधी कपातली साय काढून घेतात. स्वतःच्या नव्हे, तुमच्या. चमच्याची कड चहात जेमतेम बुडवायची, की चहा चमच्यात शिरतो आणि त्याच्याबरोबर साय आपण होऊन चालत येते. "बघलंस?" काका म्हणतात, "तरंगता त्याच्या पाठसून धावूचा नाय. पाण्याक आपल्याकडे आणूचा." तोवर चहाचं सरबत झालेलं असतं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काकांचं वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. जगाच्या धुण्याची काळजी वाहिली, पण घरात स्वतःचं जेवलेलं ताट कधी उचललं नाही. "ओ, ताट तरी उचला," काकी रोज म्हणायच्या. भिंतीला भिंत असल्यामुळे ते आमच्याही जेवणाचा भाग झालं होतं. गेल्या वर्षी काकी गेल्या आणि थोड्याच दिवसांत काका समुद्र साफ करायला निघाले.

त्यांचं यंत्र म्हणजे वॉशिंग मशीनचा जुना ड्रम, त्याला तरंगायला बांधलेली निळी पिंपं आणि खाली एक पंप. पंप ड्रममधलं पाणी ओढतो, बाहेरचं पाणी कचऱ्यासकट आत येतं, पाणी भोकांतून निघून जातं आणि कचरा राहतो. थोडक्यात, तोच चमचा, जरा अंगानं भरलेला.

पहिली चाचणी सोसायटीच्या टाकीत झाली आणि दिवसभर सगळ्यांच्या नळाला तांबडं पाणी आलं. दुसरी मागच्या खाडीत. काकांनी ओहोटीला दोरी आखूड बांधली. भरती आली तशी मशीन दोरीसकट पाण्याखाली.

"मालवणचा माणूस भरती विसरला?" मी म्हटलं.

"विसराक नाय. ती लवकर इली."

तिसऱ्या खेपेला मात्र ड्रम भरला. दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, चपला, प्लास्टिकचे हार. काका ते सगळं पार्किंगमध्ये मशीनशेजारी वाळत घालायला लागले आणि बिल्डिंगची वाट लागली. मीटिंगमध्ये ठरलं, रविवारपर्यंत मशीन बाहेर, नाहीतर भंगारवाल्याला देणार. हे काकांना कळवायचं कुणी? सेक्रेटरीनं. आणि सेक्रेटरी, म्हणजे फुकटात शिव्या खायला नेमलेली बाई, मी.

मी गेले तेव्हा काका चहा गाळत होते.

"हलवूचंय नाय," ते म्हणाले. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"काका, लोकांना वास येतो."

"येवंदे. कचरो त्यांचोच आसा."

"पण एकट्यानं समुद्र साफ होणार आहे का?"

"समुद्राचा कोण बोलता? माझ्या खाडीपुरता मी बघतंय." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. साय तशीच होती; चमचा खिशातून निघालाच नाही. "तुझ्या काकीची राख सोडूक गेलंय ना, ती पाण्यात पडाकच नाय गो. थर्माकोलार पडली. मी हातान ढकलतंय, ता परत येता. तशीच गेली ती, कचऱ्यार बसान." त्यांनी गाळणी आपटून चहापत्ती झाडली. "तिच्या दारात कधी कचरो दिसलो तुका?"

नव्हता दिसला. मला रडू आलं ते मी सायीसकट चहाबरोबर गिळलं.

रविवारी कमिटी पार्किंगमध्ये जमली. भंगारवाला हातगाडी घेऊन हजर. काका ड्रमला पाठ लावून उभे होते.

"मशीन हलणार नाही," मी म्हणाले.

"अगं, पण ठरलंय ना?" खजिनदार म्हणाले.

"ठरलेलं मोडलं. ज्याला वास येतो त्यानं खिडकी लावावी, नाहीतर खाली येऊन कचरा निवडू लागावं. आणि माझी सेक्रेटरीशिप हवी असेल तर खुशाल घ्या."

ती कुणालाच नको होती. कमिटी जराशी कुरकुरली आणि पांगली. खेप फुकट गेली म्हणून मी भंगारवाल्यासाठी चहा आणला, काकांसाठी आणि माझ्यासाठीही. काकांनी आधी त्याची साय काढली. तो बिचारा बघतच राहिला.

चहा संपला तसे मी कप गोळा करायला वाकले. पण काकांनी ते आधीच उचलले होते, तिघांचेही, आणि ते जिन्याखालच्या नळावर नीट चोळून विसळत होते. ते बघायला काकी हव्या होत्या.