ये की येते

सोमवारी पावणेअकराला सारिकाची चार वर्षांची तनू भिंतीवर चाललेल्या संथ चित्रफितीत शिरली, आणि कलादालनाच्या नोंदवहीत तशी नोंदही झाली.

सारिका त्या दालनात फरशी पुसायची. पाळणाघर बंद, म्हणून लेकीला बरोबर आणलेलं. चित्रफितीत एक बाई ताक घुसळत होती. फीत इतकी संथ, की रवीचा एक हेलकावा व्हायला सकाळची दुपार व्हायची. तनूला लोण्याचं भारी वेड. सारिका फडकं पिळायला वळली, तेवढ्यात पोरगी आत, डेऱ्याच्या दिशेने एक पाय उचलून. तो पाय खाली टेकला मंगळवारी.

"चपला बाहेर काढून गेलीय हां," पहाऱ्यावरचे पाटोळेकाका कौतुकाने म्हणाले. "वळण आहे पोरीला."

"काका, वळणाचं राहू द्या! कालपासून नुसत्या चहाबिस्किटावर आहे हो ती!"

"आत अजून सकाळच आहे. भूक लागायला तिला आषाढ उजाडेल."

रविवारी प्रदर्शन आवरून फीत नागपूरला जाणार होती. सारिकाने कागदाला समास सोडून अर्ज लिहिला: 'विषय – मुलगी परत मिळणेबाबत.'

व्यवस्थापिका शृंगारपुरे मॅडमनी तो दोनदा वाचला. "फीत मध्येच थांबवता येत नाही. तनू आता कलाकृतीत धरली जाते. लोकांना आवडतेयसुद्धा. आधी फितीत काही घडतच नव्हतं."

"मग मीच आत जाऊन घेऊन येते."

"कर्मचाऱ्याने विनानिमंत्रण कलाकृतीत शिरायचं नाही. नियम चौदा. आतल्या कुणी बोलावलं, तर आमची हरकत नाही."

बुधवारी तनूने मान वळवून आईकडे बघितलं आणि तोंड उघडलं. गुरुवारी दालनभर 'ये' घुमायला लागलं. बघायला आलेल्यांना वाटलं, तानपुरा लावलाय.

शुक्रवारीही 'ये' चालूच. त्यावरून सारिकाचं आणि मॅडमचं वाजलं.

"मॅडम, मला बोलावतेय ती! 'ये' म्हणतेय!"

"'येते' म्हणत असेल. आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? तसं असेल तर तो निरोप झाला. निरोपाला निमंत्रण कसं धरू? पुढे 'ते' येतं का, बघू."

"'येते' म्हणायला तुम्हीच शिकवलं असणार," पाटोळेकाका सारिकाच्या कानाशी पुटपुटले.

शिकवलं होतं. एकदा त्यापायी धपाटाही घातला होता. आता सारिका त्या भिंतीसमोर मांडी घालून लेकीच्या जिभेवर नजर लावून बसली. जीभ दातांना टेकली की संपलं सगळं. नवरा डबा घेऊन आला, तोही उभ्या उभ्या जीभ बघून गेला. म्हणाला, "हलली नाही अजून. तू जेव."

शनिवारी दुपारी दोनला 'ये' थांबलं. ओठ मिटायला लागले. सहाला पूर्ण मिटले. जीभ जागची हलली नव्हती.

मॅडमनी आणखी थोडा वेळ कान देऊन पाहिलं, मग अर्जावर शेरा मारला: 'तोंडी निमंत्रण प्राप्त. परवानगी आहे.'

सारिकाने पदर खोचला, चपला तनूच्या चपलांशेजारी काढल्या आणि शिरली.

आत तिला काहीच संथ वाटेना. तनूने पटकन तिचं बोट धरलं.

"जीव घेतलास ना गं माझा! चल आधी बाहेर."

"आई, लोणी येतंय!"

"बसा की," ताक घुसळणारी बाई म्हणाली. "आलंच बघा वर."

सारिकाने मागे वळून पाहिलं. बाहेर माणसं माश्यांसारखी घोंघावत गेली. दिवे विझले, लागले, अंधार झाला, आणि वेगळंच दालन समोर आलं. भिंती पिवळ्या, गर्दी बरी, पहाऱ्याला दुसराच माणूस. तोही क्षणात म्हातारा दिसायला लागला.

तनूच्या तळव्यावर लोण्याचा गोळा पडला.

"पटापट खा," सारिका तिला उचलून कडेवर घेत म्हणाली. "हे नागपूर मागे पडायच्या आत उतरायचंय आपल्याला."