केवळाबाईंची उदगीरवर स्वारी

माहूरगडीची रेणुकामाता जागती असो. पुढे ज्या कोणा सभ्य गृहस्थास राहते घर विकण्याची बुद्धी होईल, त्याचे सेवेसी हा मजकूर सादर केला असे. अहमदपूर कसब्यात, बसस्थानकामागल्या वसाहतीत, जे घर विकता विकेना ते कैसे विकले, गनिमाने कोण कोण हिकमती केल्या आणि अखेर फत्ते कोणाची जाहली, हे सारे पदरचे काही न घालता लिहिले आहे. वाचणाराने निवांत चहा घेऊन बसावे. घर विकणाराने मात्र चहा जपून खर्चावा.

त्यास, राजश्री शेषेराव हे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. त्यांनी ऐन उमेदीत हे घर बांधिले, आणि शेजारच्याने जोते कमरेइतके घेतले म्हणोन आपण छातीइतके घेतले, आणि त्यावर चढावयास उभ्या पायऱ्या केल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास ते जोते दाखवोन बहुत वर्षे मिशीस पीळ दिला. मग उतारवय आले. त्यांचे कुटुंब मातुश्री केवळाबाई, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी एकाच साली बंड केले. पायऱ्या उतरणे म्हणजे गड उतरणे जाहले. बाईसाहेब ओसरीवर बसोन खालची भाजीवाली, खालचे हळदीकुंकू, खालची भांडणे वरूनच पाहत आणि मनी म्हणत, जितेपणी आपण देवळातल्या मूर्ती जाहलो.

ते समयी नांदेडाहून कन्या आरती यांजकडून वर्तमान आले की, आमचे समोरचे तळमजल्याचे घर रिकामे जाहले आहे, एकही पायरी नाही, मालक अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो, पुढे दुसऱ्यास देईल. हे ऐकोन बाईसाहेबांनी तत्क्षणी फर्मावले की हे घर विकावे. आणि दसऱ्यापूर्वीच भांडी पोत्यात भरिली.

मग गिऱ्हाईक आले. उदगीरचे कापडाचे व्यापारी रेवणप्पा. त्यांचे कुटुंब दामिनीबाई अहमदपुरात शिक्षिका, रोज एसटीने उदगिराहून येत आणि जात, सबब येथे घर पाहिजे. रविकांत नामे दलाल, उभयपक्षी दस्तुरी घेणारा, त्याने रदबदली केली. दसऱ्याचे मुहूर्ती रेवणप्पांनी इसार म्हणोन किंचित रक्कम दिली आणि दावणीस म्हैस बांधावी तैसे घर बांधून ठेविले, जेणेकरून दुसरे गिऱ्हाईक दारी येऊ नये. आणि येथोन चालढकलीचे पर्व सुरू जाहले.

दर रविवारी रेवणप्पांची स्वारी यावी. सोबत कधी मेहुणा, कधी वास्तुवाले बुवा, कधी नुसताच फीत घेतलेला कोणी. आल्यावर ओसरीवरील यजमानांच्या खास खुर्चीत बसावे, चुरमुऱ्यांची सुशीला भरपेट खावी, वर शेंगदाणे मागावे, दोन वेळा चहा प्यावा, मग उठोन तेच अंगण पुन्हा मोजावे, आणि नळ सोडून त्याचा आवाज डोळे मिटोन ऐकावा, जैसा कोणी रसिक गाणे ऐकतो. मग ईशान्येचा संडास निघाला. मग लिंबाच्या झाडाची सावली कोणत्या महिन्यात कोठे पडते ते पाहणे निघाले. मग पौष निघाला. मग चुलत्याच्या व्याह्याचे सुतक निघाले, जे शास्त्रात कोठे लागते ते बुवांसही ठाऊक नव्हते. आणि दर वेळी जाताना एकच वाक्य:

"काकू, घर एक नंबर हाय. फकस्त घाई करू नका. घराचं काम हाय, खेळ न्हाई."

रविकांत दलालाने मान डोलवावी आणि म्हणावे, "अण्णाचं मन बसलंय बघा. आता झालंच समजा." ऐसे 'झालंच समजा' करिता करिता संक्रांत गेली आणि होळी आली.

बाईसाहेबांनी मग युद्धनीती बदलिली आणि गनिमाची रसद तोडली. त्या रविवारी चूलच पेटविली नाही. परंतु घरभेद निघाला तो खुद्द यजमान खाशांकडून. शेषेराव यांस निवृत्तीनंतर कोणी ऐकणारे उरले नव्हते, आणि रेवणप्पा हे त्यांच्या बसगाड्यांच्या हकिगती, पुराच्या रात्री अडकलेली गाडी आणि परळीच्या फाट्यावर पळालेला चालक, तोंडात घास धरोन ऐकत. सबब खासे स्वतः हाटेलात गेले आणि पुडके बांधोन सुशीला घेऊन आले. हे पाहोन केवळाबाई यांनी कपाळावर हात मारिला. गड बाहेरून पडणारा नव्हता, परंतु आत खुद्द किल्लेदारच गनिमास जेवू वाढत होता.

इतक्यात आरतीबाईंचा फोन आला. "आई, समोरचं घर लोकं बघून जायलेत. मालक म्हणाला, तुमच्या आईचं काय नक्की दिसत न्हाई."

बाईसाहेबांनी फोन ठेविला आणि हुकूम सोडिला की उद्याच उदगिरावर स्वारी निघेल, खाशांनी घर सांभाळावे. शेषेराव घाबरले.

"उगं कायबाय करू नको. गिऱ्हाईक बिथरतंय."

"माझे गुडघे बिथरलेत त्याचं काय?" बाईसाहेब बोलिल्या, आणि तेथे मसलत संपली.

दुसरे दिवशी केवळाबाई बसोन बसोन एकेक पायरी उतरल्या. एसटीची पहिली पायरी हत्तीच्या अंबारीइतकी उंच, तेथे कंडक्टराने हात दिला आणि मागून एका कोथिंबीरवालीने खांदा लाविला, तेव्हां बाईसाहेब आरूढ जाहल्या. ज्या उदगीरच्या किल्ल्यासाठी पूर्वी मोठमोठ्या फौजा झुंजल्या, त्या गावी केवळाबाई हातात एक कापडी पिशवी आणि पिशवीत गुडघ्याचे तेल घेऊन उतरल्या.

प्रथम बाजारात रेवणप्पांचे दुकान लागले. बाईसाहेब समोरच्या रसवंतीत टेकल्या आणि टेहळणी केली. गादीवर रेवणप्पांचे वडील बसले होते. पाटीवर नाव वडिलांचे, त्याखाली आजोबांचे. आणि जो पुरुष अहमदपुरी खास खुर्चीत मांडी घालोन नळाचे गाणे ऐकत असे, तो येथे उभा राहोन गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालीत होता.

"रेवण्या," वडील ओरडले, "ती थानं कोण उचलणार? तुझा आजा?"

रेवणप्पांनी कापडाचे ते तागे उचलले. एक गिऱ्हाईक त्यांस काही पुसू लागले, तेव्हां ते म्हणाले, "आप्पांना विचारा." केवळाबाईंच्या हातातील उसाचा रस तसाच राहिला. त्यांस उमगले की या माणसास घर नको आहे, यास रविवार पाहिजे. खरेदीखत जाहले की 'अण्णा, बसा' म्हणणारे कोणी उरणार नाही, मग तो कशास सही करील? चित्ती किंचित दया उपजली. मग गुडघ्यात कळ आली आणि दया आवरली.

तेथोन स्वारी पुसत पुसत रेवणप्पांचे घरी गेली. दामिनीबाई नुकत्याच शाळेतून येऊन, पाय पाण्याच्या घमेल्यात सोडोन बसल्या होत्या. पाय सुजले होते. केवळाबाईंनी आपले नाव सांगताच त्या उठोन उभ्या राहिल्या.

"तुम्हीच व्हय त्या काकू? घर सोडवत न्हाई म्हणून उंबऱ्यावर बसून रडता म्हणं?"

"कोण रडतंय? म्या?" केवळाबाईंचा आवाज चढला. "अगं माय, माझी भांडी दसऱ्यापासून पोत्यात हायत. कालवणाला कढई काढायची तर पोतं सोडावं लागतंय!"

"मग हे दर रविवारी तिथं जाऊन काय करायलेत?"

"सुशीला खायलेत, बाई."

दामिनीबाई पुन्हा खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मी अंधारात उठून गाडी धरते. जागा न्हाई मिळाली की उभीच. आन मला रोज सांगतात, म्हातारी आडून बसलीय, तिच्या जिवाला लागंल, धीर धर. मी धीर धरला, काकू. मी तुमच्यासाठी देवाला नारळ बोलले." आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, ते दुःखाचे की संतापाचे, हे बखरकारास कळले नाही. केवळाबाईंनी पिशवीतील तेल काढिले आणि पुढे केले. गुडघे आणि पाय यांचा तह तेथेच, त्या घमेल्याशेजारी, जाहला.

दुसरेच दिवशी शाळा सुटली तेव्हां दामिनीबाई उदगीरच्या गाडीकडे गेल्याच नाहीत. एक पिशवी कपड्यांची, एक वळकटी, ऐसा सरंजाम घेऊन थेट अहमदपूरच्या घरी आल्या आणि पायऱ्या चढोन ओसरीवर वळकटी टाकिली.

"इसार दिलाय न्हवं? मग आजपासून मी हितंच."

शेषेराव खुर्चीतून उठले. "हे कायद्यात बसतंय का?"

"तुम्ही पेपर वाचा," केवळाबाईंनी फर्मावले आणि पोते सोडोन कढई काढिली.

घर न विकता गिऱ्हाइकाचे कुटुंब घरात शिरले, ऐसा डाव यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. दामिनीबाई सकाळी चालत शाळेत जाव्या, दुपारी चालत याव्या, सायंकाळी दोघींनी ओसरीवर लिंबाच्या सावलीत खाट टाकोन बसावे आणि जगातील समस्त पुरुषांचा जमाखर्च मांडावा. तिकडे उदगिरी रेवणप्पांची दैना उडाली. पहिले दिवशी त्यांनी फोनवर धमकाविले, दुसरे दिवशी समजाविले, तिसरे दिवशी आपला सदरा कोठे आहे ते पुसिले. दामिनीबाईंनी उत्तर धाडिले, "घराचं काम हाय, घाई करू नका." मग दुकानात, भर गिऱ्हाइकांत, वडिलांनी पुसिले की सून कोठे आहे, आणि त्याचे उत्तर 'आप्पांना विचारा' हे देता येईना.

तेव्हां रेवणप्पा आडवारी, भर उन्हात, मेहुणा नाही, बुवा नाही, फीत नाही, ऐसे एकटेच आले आणि पायरीवर उभे राहोन म्हणाले, "रजिस्ट्री कधी करायची?"

"उद्या," दामिनीबाई बोलिल्या.

रेवणप्पांची नजर मुहूर्तासाठी भिंतीवरल्या कॅलेंडराकडे गेली. दोघींनी त्यांजकडे पाहिले. नजर परत आली. तथापि केवळाबाईंनी शरण आलेल्यास अपमानिले नाही. खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हटले, "अण्णा, दारावर आता तुमचं नाव लागू द्या. कसं लिहायचं ते तुम्हीच सांगा."

रेवणप्पांनी उठोन दाराच्या चौकटीवरून हात फिरविला. मग हळूच पुसिले, "नुसतं माझंच?"

"नुसतं तुमचंच न्हाई," दामिनीबाई म्हणाल्या. "पण तुमचं बी."

दुसरे दिवशी निबंधक कचेरीत अखेरची लढाई जाहली. आधी यंत्र बंद पडले, मग वीज गेली, मग वीज आली तर रेवणप्पांचा अंगठा उमटेना, कारण जन्मभर कापड चोळोन त्याच्या रेघा गुळगुळीत जाहल्या होत्या. रेवणप्पांचा चेहरा उजळला आणि ते बोलिले, "मग पुढल्या आठवड्यात बघू का?" तत्क्षणी दोन्ही बाजूंनी दोघी उभ्या राहिल्या. अंगठा ओल्या रुमालाने पुसिला, पदराने कोरडा केला, पुन्हा टेकविला, आणि दामिनीबाईंनी वरून आपल्या हाताने दाब दिला. यंत्राने शिटी वाजविली. अक्षय तृतीयेस अवकाश असताच घर विकले गेले.

ऐसी ही फत्ते जाहली. सरकारी कागदी ती शेषेराव यांचे नावे दर्ज आहे, कारण घर त्यांचे नावे होते. नांदेडास गेल्यावर शेषेराव यांनी आवारातील समस्त मंडळींस, वॉचमनासुद्धा, ही हकिगत सांगण्याचा परिपाठ ठेविला आहे. उदगीरच्या गिऱ्हाइकास आपण कैसे सुशीला चारून चारून वश केले, ऐसा त्यात मुख्य भाग असतो. एके सायंकाळी तो भाग ऐन रंगात असता केवळाबाई आपल्या दारातून बाहेर आल्या. आरतीबाई म्हणाल्या, "आई, बाबा काय सांगायलेत ऐकलंस का?"

"सांगू दे," बाईसाहेब बोलिल्या. "मी जरा फिरून येते."

आणि कोणाचा हात न धरिता, सपाट जमिनीवरून, त्या रस्त्याकडे चालू लागल्या. बखरकाराने हे डोळ्यांनी पाहिले, आणि फत्ते कोणाचे नावे लिहावी याविषयी त्याचे मनी शंका उरली नाही. येथे शाई आवरली.