राहत्या पत्त्याचा पुरावा

आमच्या कॅनडातल्या थंडर बेमध्ये जानेवारीत नवऱ्याला घरी एकटं ठेवू नये. डोरीन (माझी बायको) चर्चमध्ये पॅनकेक वाढायला गेली होती, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि माझ्या फोनवर ऑनलाइन कॅसिनोची जाहिरात आली. म्हटलं, वीस डॉलरने काय होतंय? स्वयंपाकघरात कॉफीच्या जुन्या डब्यात डोरीन हॅलिफॅक्सच्या तिकिटाचे पैसे साठवत होती. तिथे राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीचं, मर्नाचं, खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि कित्येक वर्षांत दोघी भेटलेल्या नाहीत. त्या डब्यातली वीसची एक नोट मी उसनी घेतली. ('उसनी' हा शब्द माझा. डोरीनचा वेगळा आहे, तो पुढे येईलच.) पेट्रोल पंपावरून प्रीपेड कार्ड आणलं आणि खेळायला बसलो.

आणि मी चक्क जिंकलो! अठराशे डॉलर! बर्फाचं फावडं हातात घेऊन मी अंगणात नाचलो. डबा दुप्पट भरून ठेवायचा आणि डोरीनचा चेहरा बघायचा, असं ठरवून 'पैसे काढा' हे बटण दाबलं. उत्तर आलं, राहत्या पत्त्याचा पुरावा पाठवा. आपल्या नावाचं बिल हवं.

आता मी नोकरी काय करतो ते सांगायला हवं. मी ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर बसतो आणि 'तुमच्या नावाचं बिल आणा' म्हणून लोकांना परत पाठवतो. म्हातारी माणसं बर्फ तुडवत घरी जातात, बर्फ तुडवत परत येतात, तोवर मी काचेमागे सँडविच खातो. आणि आमच्या घरात माझ्या नावाचं एकही बिल नाही! गॅस, वीज, पाणी, सगळं डोरीनच्या नावावर, कारण लग्नानंतरचं पहिलंच विजेचं बिल मी भरायला विसरलो होतो. बँकेचे कागद तिच्या ईमेलवर येतात. माझा फोनसुद्धा मुलीच्या प्लॅनमध्ये आहे. कागदोपत्री मी आमच्या घरी पाहुणाच आहे.

कॅसिनोच्या मदत-खिडकीत जेसी नावाची मुलगी होती. तिला लिहिलं, "अहो, मी खरंच इथे राहतो!"

"समजू शकते, सर. पुरावा?"

"बायकोच्या नावाचं बिल चालेल?"

"तुमच्या नावाचं हवं, सर."

"मग शेजाऱ्यांना विचारा!"

"आणखी काही मदत करू शकते का, सर?"

हुबेहूब माझीच भाषा. मला त्या दिवशी पहिल्यांदा माझा राग आला.

शेवटी गॅस कंपनीला फोन करून मी बिल गुपचूप माझ्या नावावर करायला सांगितलं. "पुढचं बिल तुमच्याच नावाने येईल," असं तिथली बाई म्हणाली. म्हणजे तोवर थांबायचं. आणि कॅसिनोत त्या अडकलेल्या पैशांच्या शेजारीच एक हिरवं बटण होतं, 'रक्कम परत घ्या आणि खेळा'. पैसे घरी यायला पुरावा लागत होता, परत खेळायला काहीच लागत नव्हतं. मी पन्नास घेतले. मग ते भरून काढायला शंभर. मग शंभरांची लाज वाटली म्हणून पाचशे. अठराशेचे अकरा डॉलर उरले, तेव्हा गेलेलं परत मिळवायला म्हणून मी डब्यातले उरलेले पैसेही घेतले. तेही गेले. हे विनोदाने सांगायचा मी प्रयत्न केला, जमत नाही.

एका सकाळी डोरीन नाश्त्याच्या टेबलावर फोन घेऊन बसली होती.

"आर्व्हो, मी हे घर सोडून चाललेय का रे?"

"छे! कोण म्हणतं?"

"गॅस कंपनी. 'आपण घर सोडत असल्याचं कळलं, नव्या घरासाठी शुभेच्छा.' आणि गॅस तुझ्या नावावर!"

"अगं, ते जेसीने सांगितलं म्हणून."

"जेसी कोण?"

"कोणी नाही गं. मी तिला कधी भेटलेलोही नाही. ती फक्त समजून घेते."

"तिला आणतोयस या घरात? माझ्या शेगडीवर?"

आता बाई नाही हे पटवायला खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं. ती उठली, डबा उतरवला, उघडून पाहिला. (बाई असती तर तिला कमी लागलं असतं, असं मला अजून वाटतं.) तिकिटाचे पैसे वाचावेत म्हणून तिने सबंध हिवाळा आरशासमोर स्वतःचे केस स्वतः कापले होते. एक बाजू आखूड झाली होती आणि मी 'छान दिसतंय' म्हणालो होतो.

"चोरी," ती म्हणाली. हाच तो तिचा शब्द. मग बहिणीला फोन लावून म्हणाली, "मर्ना, यंदा काही जमत नाही गं." कारण विचारल्यावर थंडीचं नाव सांगितलं. माझं सांगितलं नाही. त्यानं मी जास्तच मेलो.

त्याच आठवड्यात बर्फावर पळवायची माझी लाडकी स्नोमोबाइल मी शेजारच्या टॉइव्होला पडेल भावात विकली आणि तिकीट आणलं. डोरीन गेली. जाताना माझ्याकडची घराची किल्लीही पर्समध्ये टाकली आणि गोठलेल्या तळ्यावरच्या माझ्या मासे धरायच्या खोपटीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "इथे तुझं गॅसचं बिल येईल," म्हणाली, "तिथे तू राहा."

गॅसचं बिल दाराबाहेरच्या पेटीत आलं, तेव्हा त्याचा फोटो मी कॅसिनोला पाठवून दिला होता. काल खोपटीत बर्फाच्या भोकात गळ सोडून बसलो होतो, तेव्हा कॅसिनोचा मेल आला. अकरा डॉलर किमान रकमेपेक्षा कमी असल्याने देता येत नाहीत. पण अभिनंदन, आपण आपल्या घरीच राहता याची आमची पूर्ण खात्री पटली आहे!

मी तो मेल तसाच हॅलिफॅक्सला धाडला. डोरीनचं लगेच उत्तर आलं.

"माझी अजून पटलेली नाही."